जुळ्यातला निर्व्यसनी

निंबाआप्पांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत, एका हळदीच्या मांडवात. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली, आणि हातात दुसऱ्याची माचिस. ज्याची होती तो नवरदेवाचा बाप शेजारीच कानामागे विडी खोचून उभा होता. आप्पांनी शांतपणे पेटी उघडली, सगळ्या काड्या पाण्याच्या बादलीत ओतल्या, रिकामी पेटी त्याच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "मनावर घेतलं की सुटते." नवरदेवाच्या बापाला बोलायची सोयच नव्हती, कारण या माणसानं जन्मात कधी विडी, तंबाखू, मावा, अगदी सुपारीसुद्धा तोंडात घातली नव्हती हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

लग्नाच्या स्थळांत मुलाच्या नावापुढे 'निर्व्यसनी' लिहितात, तसं आप्पांच्या नावापुढे ते कायमचं लागलेलं होतं. ते उधन्याला एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात मास्टर होते. मास्टर म्हणजे लूम बंद पडले की चालू करणारा आणि कारागीर बंद पडले की त्यांना चालू करणारा, असं मी चेष्टेनं म्हणायचो. त्यांना ते आवडायचं नाही. चेष्टा त्यांना एकूणच आवडायची नाही.

मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहायचो आणि एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायचो. एवढ्या शिदोरीवर त्यांनी मला मैत्रीच्या लायक ठरवलं. मैत्री म्हणजे काय, तर संध्याकाळी त्यांच्या दारात मी उभा राहायचं आणि त्यांनी माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून कापड चोळून बघायचं. "हे आपल्या उधन्याचं नाही. भिवंडीचं. फसवलं तुम्हाला." खिशात धागे मोजायचं छोटं भिंग असायचं. भेटणाऱ्या प्रत्येकाचा शर्ट ते तपासत. माणसाचं तोंड मागाहून बघत. त्यांच्या दारात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एकीवर ते बसत आणि दुसरीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवलेला असे. मला तो गठ्ठा उचलायला त्यांनी पाच वर्षांनी सांगितलं.

बायको लवकर गेली होती. एकुलती मुलगी शहाद्याला दिलेली. घरात त्यांचा एक ग्लास, एक ताट आणि खुंटीला तीन पांढरे शर्ट. गल्लीत त्यांना मान होता, पण त्यांच्याकडे येणारं कुणी नव्हतं. निर्व्यसनी माणसाकडे लोक आदरानं बघतात आणि लांबून जातात, हे मी त्यांच्यामुळे शिकलो. कारखान्यात दुपारी लूम थांबले की कारागीर पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर जमत. खान्देशातले, ओडिशातले, उत्तर प्रदेशातले, कुणाची भाषा कुणाला धड येत नसे, पण माचिस मागायला भाषा लागत नाही. तिथंच एकमेकांच्या घरच्या गोष्टी कळत, पोरींची स्थळं ठरत. आप्पा तेव्हा आत लूमजवळ एकटे डबा खात असत. मला हे बघून वाईट वाटायचं आणि त्यांना तसं सांगायची छाती व्हायची नाही.

त्यांना एक भाऊ आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. नुसता भाऊ नाही, जुळा. सुखदेव. अमळनेरकडच्या एका खेड्यातून दोघं बरोबरच सुरतेत आले, बरोबरच लूमवर लागले. चेहरा, उंची, चालताना उजवा पाय किंचित ओढायची ढब, सगळं एकाच साच्यातलं. स्वभाव मात्र पार उलटा. आप्पा तापी पुलावरूनसुद्धा कठड्यापासून दोन हात लांबून चालत. सुखदेव पोरगा असताना पैजेवर विहिरीत उडी मारून आलेला. तो रस्त्यात भेटला की अर्धा तास जायचा. त्याला प्रत्येक नवी गोष्ट एकदा करून बघायची असायची आणि बघितलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याला द्यायची असायची. विडी तर तो ओढण्यापेक्षा वाटतच जास्त असे.

दहावीच्या वर्गाला आनुवंशिकता शिकवताना मला एकदा दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, पुस्तकातल्या चित्रापेक्षा जिवंत उदाहरण दाखवू. दोघांना शाळेत बोलावलं. दोघे आले, फळ्यापुढे शेजारी शेजारी उभे राहिले, आणि मी मोठ्या रुबाबात सांगितलं की हे एकबीज जुळे, यांचं सगळं आनुवंशिक द्रव्य एकच, यांच्या रक्तात तसूभर फरक नाही. मुलं जवळ जाऊन कान बघायला लागली, अंगठे बघायला लागली. मग एका मुलीनं विचारलं, "सर, रक्त एकच आहे तर या काकांचीच बोटं पिवळी का?"

वर्ग हसला. सुखदेव सगळ्यात जास्त हसला. "पोरी, हळद लागली मला," तो म्हणाला. आप्पा हसले नाहीत. ते वर्गाकडे वळून म्हणाले, "रक्त एकच आहे. तुमचे सर सांगतात ते खरं आहे. म्हणजे याला जमत नाही असं नाही. हा करत नाही. मन कच्चं आहे याचं." सुखदेवनं बोटं खिशात घातली. मला तिथंच काहीतरी बोलायला हवं होतं. पण तास संपत आला होता आणि मला वाटलं, उदाहरण छान रंगलं.

पुढे काही महिन्यांनी ते झालं. दोघे एकाच कारखान्यात होते. लूमच्या हॉलमध्ये विडी पेटवायला सक्त मनाई, कारण हवेत सुताचे बारीक तंतू उडत असतात आणि एक ठिणगी पुरते. सुखदेवनं मागच्या कोपऱ्यात पेटवली. काही जळलं नाही, कुणी बघितलंही नाही, आप्पांशिवाय. आप्पा सरळ शेटकडे गेले आणि सांगितलं. दुसरा कुणी असता तर मास्टरनं दोन शिव्या देऊन मिटवलं असतं. भावाचं मिटवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून आप्पांनी मिटवलं नाही. सुखदेवचं काम गेलं. तो बायको आणि मुलगा विजय यांना घेऊन भेस्तानला राहायला गेला आणि तिकडे दुसऱ्या कारखान्यात लागला.

डिंडोलीहून भेस्तान रिक्षानं जाता येतं. पण दोघे नऊ वर्षं एकमेकांकडे गेले नाहीत. सुखदेव सणावाराला निरोप पाठवायचा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाच्या मांड्याचा डबा पाठवायचा. आप्पा डबा ठेवून घेत, धुऊन परत पाठवत, आणि आणणाऱ्याला एकच विचारत, "सोडली का त्यानं?" उत्तर ठरलेलं असायचं. मग आप्पा म्हणत, "सोडली की येईन म्हणावं."

गेल्याच्या गेल्या वर्षी विजय स्वतः आला. तिशीचा झाला होता, कापड मार्केटमध्ये मोबाइलवर साड्यांच्या ऑर्डरी घ्यायचं काम करत होता. मी तिथंच उभा होतो. तो दारातच म्हणाला, "काका, अण्णांची फुप्फुसं गेली. डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. तुमचं नाव काढतात सारखं."

आप्पांनी विचारलं, "सोडली का?"

"बीडी सोडली काका. सहा महिने झाले. आता फक्त हे घेतात." विजयनं खिशातून एक चपटी, बोटभर लांबीची नळी काढली. ई-सिगारेट. मी अशी वस्तू पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. आपल्याकडे तिच्या विक्रीला बंदी आहे, त्यामुळे ती ओळखीच्या गल्ल्यावर पाच मिनिटांत मिळते. विजयनं स्वतःसाठी घेतली होती आणि बापाची विडी सुटावी म्हणून तशीच दुसरी आणून दिली होती. "याच्यात धूर नाही, वाफ आहे," तो म्हणाला. त्याचा त्यावर खरोखर विश्वास होता. मी त्याला सांगितलं की निकोटीन तेच आहे, नुसते कपडे बदललेत. त्यानं नळी परत खिशात घातली.

आप्पा म्हणाले, "म्हणजे नाही सोडली."

"काका, चला ना."

"सोडली की येईन."

विजय गेल्यावर मी आप्पांशी भांडलो. मी त्यांच्याशी आवाज चढवून बोललो तो तेवढाच एकदा. म्हटलं, आप्पा, व्यसनाचं सगळं माणसाच्या हातात नसतं. काही माणसं जन्मतःच अशी असतात की त्यांना ते लवकर चिकटतं आणि सुटता सुटत नाही. नवं करून बघायची खोड, जिवाची पर्वा नसणं, हा स्वभावसुद्धा थोडाफार रक्तातून येतो. आप्पांनी ऐकून घेतलं. ते चांगले श्रोते होते. मग म्हणाले, "सर, तुम्हीच दहावीच्या पोरांसमोर सांगितलं ना, आमचं रक्त एक? मग चिकटायचं असतं तर मलाही चिकटलं असतं. एकच सूत दोन लूमवर लावलं, एकाचं कापड चांगलं निघालं, दुसऱ्याचं खराब. दोष सुताचा की चालवणाऱ्याचा?"

 माझ्याच धड्यानं त्यांनी मला गप्प केलं होतं. खरं तर उत्तर होतं. दोन्ही लूमवर काय काय घडलं ते तुम्हाला कुठे माहीत आहे, असं विचारायला हवं होतं. ते मला घरी गेल्यावर सुचलं आणि दुसऱ्या दिवशी सांगू म्हणून मी राहू दिलं. विजय त्यानंतर दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्याचा फोन आला, तो सुखदेव गेल्याचा.

भेस्तानला आम्ही रिक्षानं गेलो. सुखदेवला बाहेर आणून ठेवलं होतं. बायका रडायच्या थांबून आप्पांकडे बघायला लागल्या, कारण जो खाली निजला होता तोच दारातून आत येत होता. आप्पा भावाच्या पायाशी बसले. पूर्ण वेळ त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. सुखदेवच्या अंगावरच्या नव्या कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून ते चोळत राहिले. कुठलं कापड आहे ते मात्र बोलले नाहीत.

तेराव्याला निघताना विजयच्या आईनं, शांतावहिनीनं, सुखदेवची ती नळी खिडकीतून काढली आणि म्हणाली, "इजय, फेकी दे हाई." आप्पांनी हात पुढे केला. "मी फेकतो. जाताना तापीत टाकतो." आम्ही तापीकडून आलो नव्हतो आणि जाणारही नव्हतो, पण त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर आप्पा कमी दिसायला लागले. निवृत्त झाले होते, तरी रोज उधन्याला चक्कर मारायचे, तीही बंद झाली. माझ्या शर्टाला हात लावला नाही असे बरेच दिवस गेले. एका दुपारी, वीज गेली होती म्हणून मी पंखा हातात घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर घरात गोड वास येत होता. म्हटलं, "आप्पा, टरबूज कापलंत का?" टरबुजाचा हंगाम नव्हता. आप्पांनी उशाखालून नळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"टरबूजच," ते म्हणाले. "विजयनं त्याला हा वास आणून दिला होता. शेवटी त्याच्या अंगाला हाच येत असेल, सर. मी तर गेलो नाही. मला विडीचा वास ठाऊक."

मी बसलो. ते सांगत गेले, एकेक वाक्य. आधी नुसता वास घ्यायचे. मग एक दिवस वाटलं, असं काय आहे यात की याच्यासाठी तो भाऊ सोडायला तयार झाला, एकदा बघू. पहिल्या दिवशी खोकून डोळ्यांत पाणी आलं. आठव्या दिवशी आलं नाही. आता सकाळी उठल्यावर देवाच्या आधी हात उशाखाली जात होता. सुखदेवच्या नळीतलं संपलं तेव्हा ते स्वतः गल्ल्यावर गेले होते. गल्लेवाल्यानं आधी ओळख दाखवली नाही, कारण निंबा मास्टर असलं काही मागेल यावर त्याचा विश्वासच बसेना.

"मी चार वेळा मनावर घेतलं, सर," ते म्हणाले. "दोन दिवसांच्या वर जात नाही."

मी म्हटलं, "आप्पा, डॉक्टरकडे जाऊ. औषधं असतात, सल्ला देणारे असतात. लाज वाटून घेऊ नका."

त्यांनी माझं बोलणं ऐकलंच नाही. त्यांना दुसरंच सांगायचं होतं. "आमचा बाप माडीवर बसायचा आणि हाक मारायचा. जाय, बीडी पेटाडी लई ये. चुलीतल्या निखाऱ्यावर धरायची, पेटायला दोन झुरके घ्यायला लागतात. नाहीतर विझते. आम्ही सात वर्षांचे. एक दिवस मी, एक दिवस सुकदेव, अशी पाळी लावलेली. मला पहिल्याच दिवशी ठसका लागला, बीडी चुलीत पडली, बापानं कानाखाली वाजवली. दुसऱ्या पाळीला मी रडायला लागलो. तर सुकदेव म्हणाला, तू बस, मी जातो." आप्पांनी समोरची नळी उचलली. "मग माझ्या पाळीलाही तोच जायचा, सर. रोज. दोन्ही पाळ्या. बापाला कुठे कळतं कोण आलं ते."

त्या काळी आमच्याकडे कितीतरी घरांत पोरांना विडी पेटवून आणायला लावत. मीही माझ्या आजोबांची एक-दोनदा पेटवली आहे. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मी आयुष्यभर आनुवंशिकता शिकवली आणि चुलीचा विचार माझ्या कधी मनात आला नाही.

"मी साठ वर्षं सांगत आलो, माझं मन पक्कं. मन कुठे होतं, सर? मी रडलो, म्हणून वाचलो. त्यानं माझी ओढली," आप्पा म्हणाले. "आणि मी त्यालाच मनाचा कच्चा म्हणालो. पोरांसमोर. शेटसमोर. हे मला त्याला सांगायचं आहे. कुणाला सांगू आता?"

मी हातातल्या पंख्यानं त्यांना वारा घालत राहिलो.

एकदा मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. गोळ्या दिल्या, चघळायच्या वड्या दिल्या. आप्पांनी त्या नेमानं घेतल्या आणि नळीही नेमानं ओढली. सोडायची तर इच्छा आहे ना, असं डॉक्टरनं विचारलं तेव्हा ते माझ्याकडे बघू लागले. मला वाटतं, ती सुटली तर सुखदेव खरोखरच मनाचा कच्चा होता असं ठरेल, अशी त्यांना भीती वाटत असावी. त्यांना असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. गल्लीत कळलंच. ज्यांच्या काड्या त्यांनी भिजवल्या होत्या त्यांनी मनसोक्त हसून घेतलं आणि मग त्यांना बिनदिक्कत गल्ल्यावर बोलावलं. आप्पा गेले नाहीत. आदर गेला आणि सोबतही मिळाली नाही. मुलीनं आग्रह करून त्यांना शहाद्याला बोलावून घेतलं. खोलीला कुलूप लागलं.

जाताना ते आधी गावी उतरणार होते, सुखदेवचं वर्षश्राद्ध होतं. सकाळची गाडी होती. उधना स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेलो. त्यांना खांबाच्या आडोशाला बाकावर बसवून मी पाण्याची बाटली भरायला गेलो. येऊन बघतो तर त्यांच्या बाजूला टोपी घातलेला, त्यांच्याच वयाचा एक माणूस बसला होता, पायाशी गाठोडं. आप्पांच्या मुठीत नळी होती आणि वर थोडीशी वाफ रेंगाळत होती.

तो म्हातारा त्यांच्या मांडीवर थाप मारून म्हणत होता, "सुकदेव ना रे तू? धूर दखा नि वळखं तुले. मी नवापूरले ऱ्हास आते, पोऱ्याकडे. गावनी काई खबर नही भो."

मी जागीच थांबलो. आप्पांनी वर पाहिलं, मला पाहिलं. मग त्या म्हाताऱ्याकडे वळले.

"हां," ते म्हणाले. "सुकदेव."

म्हातारा खूश झाला. गावातल्या दोन-चार जणांची नावं घेऊन झाली. गाडी येत असल्याचं सांगितलं गेलं, तो गाठोडं उचलून उभा राहिला, आणि काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा वाकला.

"आनी निंबा? बोलस का तो तुनासंगे आते? का अजून राग धरीसनच बठेल शे?"

आप्पांनी नळी खिशात घातली. "बोलस," ते म्हणाले. गाडी फलाटाला लागत होती, म्हणून त्यांना जरा मोठ्यानं सांगावं लागलं. "रोज बोलस."